सोंड दाखवा

येमूलबाईंनी मला पहिल्यांदा गप्प केलं ते कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, चहाच्या टेबलाशी. मी मराठीचा प्राध्यापक. आभारापासून आदरांजलीपर्यंत जिथं कुणीतरी बोलायला हवं असे, तिथं मला उभं करायची आमच्याकडे पद्धत होती, आणि मीही कधी नको म्हणत नसे. त्या संध्याकाळी मी चांगलाच रंगात आलो होतो. "समाजाला लागलेली ही कीड आतून पोखरते आहे!" असं काहीतरी मी आवाज चढवून म्हणालो आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्या अंगावर घेऊन मी चहाकडे वळलो, तर समोर एक ठेंगणी, सावळी बाई. अंगावर मागाची जाडसर सुती साडी, गळ्यात काळा दोरा आणि त्या दोऱ्याला पितळेचं घडीचं भिंग.

"सर, कुठली कीड?"

"अं?"

"तुम्ही म्हणालात, आतून पोखरते. आतून पोखरणारी वेगळी, बाहेरून खाणारी वेगळी. समाजाला कुठली लागलीय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. उत्तर मिळेल अशा खात्रीनं उभ्या राहिल्या. शेवटी मी कबूल केलं की मला कल्पना नाही. "मग आधी बघायचं ना," असं म्हणून त्या निघून गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस कीड हा शब्द माझ्या तोंडून निघेना. चांगला हुकमी शब्द होता, पण वापरायला गेलो की ते पितळी भिंग आठवे.

बाई प्राणिशास्त्र शिकवायच्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, मागाच्या खडखडाटात वाढलेल्या. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी. चिडल्या की मराठीत बोलत आणि आनंद झाला की तेलुगूत, त्यामुळे आम्हाला त्यांचं मराठीच जास्त ऐकायला मिळे. ते भिंग त्यांच्या वडिलांचं होतं. चादरीचं कापड इंचात किती धाग्यांचं आहे ते त्यातून बघायचं. वडिलांनी जन्मभर त्यातून धागे पाहिले आणि मुलगी बी.एस्सी. झाली तेव्हा तिच्या गळ्यात घातलं. "बाबांना कापडाची जात कळायची, मला किड्याची कळते. भिंग तेच आहे," असं त्या सांगायच्या. लग्न का केलं नाही हे त्यांना विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

किड्यांतही त्यांचा जीव एकाच घराण्यावर होता. सोंड असलेले भुंगे. तांदळात, ज्वारीत होतो तो बारीक तपकिरी सोंडकिडा सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण बाईंच्या दृष्टीनं तो त्या घराण्यातला एक गरीब नातेवाईक. "हत्तीच्या जाती बोटावर मोजून होतात, सर. यांच्या मोजायला जन्म पुरणार नाही. आणि सोंड सगळ्यांना," हे त्या अशा अभिमानानं सांगत की जणू माहेरचीच माणसं. कपाशीच्या पानांच्या कडा कातरणारा करडा सोंड्या. नारळाच्या खोडात शिरून झाड आडवं करणारा तांबडा. रताळ्यात बोगदे करणारा निळसर, मुंगीच्या अंगलटीचा. आणि आंब्याच्या कोयीतला. त्याची मादी आंबा सुपारीएवढा असतानाच सालीत अंडं घालते. साल भरून येते, आंबा मोठा होतो, पिकतो, वर डाग नाही की भोक नाही, आणि कोय फोडली की आत महाराज बसलेले असतात.

यामुळे उन्हाळ्यात स्टाफरूममध्ये आंबा खायची चोरी झाली होती. रस ओठाला लागतो न लागतो तोच बाजूनं आवाज यायचा, "कोय फेकू नका." बाईंच्या कपाटात कोयी, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, काड्यापेट्या आणि प्रत्येकीवर बारीक अक्षरातली चिठ्ठी. एकादशीच्या आदल्या दिवशी मंडईत सगळं गाव निवडून निवडून चांगली रताळी घ्यायचं आणि बाई शेजारच्या टोपलीतली भोकं पडलेली वेचायच्या. रताळीवाले चाचा डोक्याला हात लावायचे. "बाई, अच्छे छोड के सडेले कायकू लेते? उपास है ना तुम्हारा?" बाई म्हणायच्या, "माझा उपास आहे, त्यांचा नाही." पोरं मागून त्यांना सोंडेबाई म्हणत. ते त्यांच्या कानावर गेलंच. तासाला येऊन म्हणाल्या, "सोंडेबाई म्हणा, चालेल. टोकेबाई म्हणू नका. टोका हे नाव नाही, ती तक्रार आहे."

हे टोक्यांचं प्रकरण त्यांचं खरं दुखणं होतं. आपल्याकडे धान्यात काहीही चालताना दिसलं की बायका म्हणतात, टोके झाले. सोंड असो नसो, लांबट असो गोल असो, सगळे टोके. बाईंना हे खपत नसे. कुणी डबा घेऊन आलं की त्या आधी भिंग उघडत आणि म्हणत, "सोंड दाखवा." सोंड असेल तर त्याच्या मादीनं दाण्याला भोक पाडून आत अंडं ठेवलेलं असतं, वर चिकट थेंबानं तोंड बुजवलेलं असतं, आणि अळी आतल्या आत दाणा खाऊन मोठी होत असते. दाणा वरून शहाण्यासारखा दिसतो, आत काही उरलेलं नसतं. सोंड नसेल तर बहुधा तो पिठातला किडा. त्याला आख्खा दाणा फुटत नाही, तो चुऱ्यावर आणि पिठावर जगतो. "नाव चुकलं की उपाय चुकतो," हे त्या इतक्यांदा म्हणायच्या की आमचा शिपाईसुद्धा चहा चुकीच्या टेबलावर गेला की तेच म्हणू लागला.

बाईंचा हा हट्ट मी चेष्टेवारी नेत असे. ते थांबलं बहात्तरच्या दुष्काळानंतर, सांगोल्याकडच्या एका गावात.

दुष्काळ सरून पाऊस झाला होता. रब्बीच्या पेरण्या तोंडावर होत्या आणि आमच्या कॉलेजचं श्रमदान शिबिर त्या गावी गेलं होतं. पोरांकडून वाहून गेलेले बांध घालून घ्यायचे, असं काम. शिबिराचा प्रमुख मी, आणि मुली होत्या म्हणून सोबतीला येमूलबाई. आम्ही शाळेत उतरलो होतो. शाळेला लागून सुंदराबाईंचं घर. पस्तिशी-चाळिशीची काटक बाई. नवरा दुष्काळात मेंढरं जगवायला पार नदीकाठच्या मुलखात गेलेला, अजून परतायचा होता. घरात ती आणि दोन पोरं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात गलका ऐकू आला. सुंदराबाईंनी पेरणीसाठी कणगी उघडली होती. कणगी म्हणजे शेणामातीनं लिंपलेली उंच टोपली, तोंडापर्यंत ज्वारीनं भरलेली. बियाण्याची मालदांडी. आख्खा दुष्काळ त्या बाईनं रेशनचा लाल मिलो, ती परदेशी भरड ज्वारी, खाल्ला, पण कणगीचं तोंड फोडलं नव्हतं. आता फोडलं, तर वर किडेच किडे. भिंतीवर चढत होते, हातावर येत होते.

ग्रामसेवक आले होते. भला माणूस होता. त्यांनी ओंजळभर ज्वारी हातात घेतली, फुंकर मारली आणि खाली टाकली. "टोके लागलेत, मावशी. हे बी उगवायचं नाही. कोंबड्यांना घाला. मी तालुक्याला सांगून दुसरं बी मिळवून देतो."

"दुसरं नगं मला," सुंदराबाई म्हणाल्या. त्या कणगीला पाठ लावून उभ्या होत्या. "मेंढरं घेऊन जाताना कारबाऱ्यानं एकच सांगितलं, बी संबाळ. पोरं मिलोची भाकर बगून रडायची, म्हनायची, आये, आपली भाकर कर की. म्या कनगीकडं पाट करून थापत हुते. आन आता कोंबड्यांस्नी घालू व्हय?"

त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी, बोलायची ज्याला सवय, कणगीच्या काठावरचे किडे झटकू लागलो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"कुठले टोके?"

येमूलबाई दात घासता घासता तशाच आल्या होत्या. तोंड धुतलं, पदर खोचला आणि भिंग उघडून कणगीशी बसल्या. त्यांनी वरच्या थरातला एक किडा चिमटीत धरला, दुसरा धरला, तिसरा. "सोंड नाही," त्या म्हणाल्या. "सोंड नाही. यालाही नाही. हे पिठातले. वर उंदरानं चुरा केलाय, त्यावर जगतायत. दाणा शाबूत आहे."

सुंदराबाईंचा चेहरा उजळला. ग्रामसेवकही "असं होय," म्हणून पुढं वाकले. मला वाटलं, संपलं, आता चहा. पण बाईंनी हात कोपरापर्यंत कणगीत घातला होता. त्या एका बाजूनं चाचपत गेल्या आणि थांबल्या. त्या अंगाला लिंपण तडकलं होतं, तिथून ओल शिरली होती. मूठभर दाणे बाहेर काढून त्यांनी भिंगाखाली धरले. एकेक दाणा उलटून पाहिला.

"याला आहे," त्या हळू म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला. खोटं सांगू नये हे मलाही कळतं, पण इतक्या लगेच कशाला सांगायचं? सुंदराबाईंनी मात्र सरळ विचारलं, "समदं गेलं का बाई? खरं सांगा."

"सगळं नाही. पण किती राहिलंय ते मला माहीत नाही. ते बघावं लागेल. मी इथून ते बघितल्याशिवाय जात नाही."

आणि त्या खरोखर गेल्या नाहीत. शिबिराच्या मुलींना माझ्या गळ्यात घालून त्या सुंदराबाईंच्या अंगणात राहायला गेल्या. तडकलेल्या अंगाची ज्वारी वेगळी काढली, बाकीची वेगळी. दोन्ही ढीग उन्हात पसरले. ऊन लागलं तसे किडे बाहेर पडून पळू लागले, आणि झाडूचा धक्का लागला की पाय पोटाशी घेऊन टप टप पडू लागले. सुंदराबाईंनी ते सुपात भरले आणि घरामागच्या उकिरड्याकडे निघाल्या.

"कुठं नेताय?"

"टाकती. मेलं की."

"जाळा. नाहीतर उकळत्या पाण्यात टाका."

सुंदराबाई थबकल्या. "मेल्याला आनी काय मारायचं, बाई? पाप लागंल. आमी कायम असंच टाकतो."

बाईंनी सुपातला एक किडा घेतला आणि आपल्या तळहातावर ठेवला. पाय आवळलेले, सोंड छातीशी दुमडलेली, खसखशीच्या दाण्याइतका निर्जीव. "बसा," म्हणाल्या. सुंदराबाई बसल्या. मी बसलो. ग्रामसेवक सायकल लावून बसले. शेजारच्या बायका आल्या, त्याही बसल्या. काही होईना. कुणीतरी म्हणालं, "मेलाय त्यो." बाई नजर न हलवता म्हणाल्या, "आगु, आगु." थांबा, थांबा. हे किड्याला होतं की आम्हाला, कळायला मार्ग नव्हता. माझ्या पायाला मुंग्या आल्या. कामं खोळंबली होती, बांध तसेच पडले होते, आणि निम्मं गाव एका बाईच्या तळहाताकडे टक लावून बसलं होतं.

मग एक पाय हलला. मग दुसरा. सोंड सुटली आणि ते बारकं ध्यान उठून करंगळीच्या दिशेनं चालू लागलं.

"लेचिंदि!" बाई ओरडल्या. "उठला! उठला!" त्यांना इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. पोरांनी तो शब्द उचलला आणि "लेचिंदि, लेचिंदि" करत अंगणभर नाचली.

सुंदराबाई मात्र उकिरड्याकडे बघत होत्या. उकिरडा घराच्या भिंतीला लागून होता. आत, त्याच भिंतीशी, कणगी. "म्हंजी दरसाली आमीच बाहीर न्हेऊन टाकतोय," त्या म्हणाल्या, "आन ही सांजच्याला माघारी येत्यात." त्या उठल्या, चुलीवर पाणी ठेवलं आणि ते सूप स्वतःच्या हातानं त्यात रिकामं केलं. पापाचं त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

उरलेलं काम नुसतं कष्टाचं होतं. मिठाच्या पाण्यात ज्वारी सोडायची, पोकळ दाणे वर येतात ते काढून टाकायचे, खाली बसलेले धुऊन सावलीत वाळवायचे. दोघी बायका दिवस दिवस बादलीवर वाकलेल्या असायच्या. मी एकदा सहज म्हणालो, "बाई, कंबर मोडेल, जरा मुलींना मदतीला घ्या." दोघींनी एकदमच माझ्याकडे असं पाहिलं की मी बांधावर निघून गेलो.

शेवटी बाईंनी आपल्या पिशवीतून पंचा काढला, ओला केला, त्यावर दोन्ही ढिगांतल्या खाली बसलेल्या ज्वारीचे दाणे वेगवेगळ्या ओळींनी मांडले, मागावर ताणा लावावा तशा सरळ ओळी. पंचाची गुंडाळी करून चुलीजवळ उबेला ठेवली. ती उघडायच्या दिवशी सुंदराबाईंनी ती येमूलबाईंपुढे सरकवली. "तुमीच उगडा," त्या म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "तुमचं बी आहे." पंचा उलगडला. तडकलेल्या अंगाच्या ज्वारीच्या ओळीत मोठमोठी खिंडारं होती. पण कणगीच्या बाकीच्या ज्वारीच्या ओळी भरलेल्या. दाण्यादाण्याला पांढरा मोड. सुंदराबाईंनी त्यावरून बोट फिरवलं, न टेकवता, आणि म्हणाल्या, "बास. कारबारी आला की पेरतो."

येमूलबाईंनी कणगीचं तडकलेलं लिंपण स्वतः बुजवलं. ते फार वाईट झालं होतं. सुंदराबाईंनी त्या निघाल्यावर पुसून परत केलं, असं मला नंतर कळलं.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास सुंदराबाईंचा मेंढरं घेऊन परतलेला नवरा हुरडा घेऊन कॉलेजात आला आणि दारातच उभा राहून "सोंडंच्या बाई कुटं हायती?" म्हणून विचारू लागला. बाई तास सोडून आल्या. हुरडा हातात घेतला आणि आधी भिंग उघडलं. तो माणूस घाबरला. "न्हाय न्हाय बाई, कवळा हाय," म्हणू लागला. आम्ही पोट धरून हसलो. बाईंना हसण्यासारखं त्यात काही दिसलं नाही.

पुढं काही वर्षांनी बाईंची आई अंथरुणाला खिळली. भाऊ वरंगळकडे गेला होता, आई त्याच्याकडे. बाईंनी नोकरी सोडली. इतक्या वर्षांत त्यांनी कधी रजा मागितली नव्हती, आणि आता मागितली ती कायमची. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. माझं भाषण तयार होतं, ते वाया गेलं. त्यात कीड हा शब्द एकदाही नव्हता, हे त्यांना सांगायचं राहिलं.

हैदराबादच्या एस.टी.पर्यंत मी पोचवायला गेलो. बाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर काड्यापेट्यांनी भरलेला पत्र्याचा डबा. कंडक्टर विचारत होता, "बाई, डब्यात काय हाय?" आणि त्या खरं काय ते सांगत होत्या, त्यामुळे शेजारची जागा रिकामीच राहिली होती. तेवढ्यात गर्दीतून सुंदराबाई आल्या. सांगोल्याच्या पहिल्या गाडीनं आल्या होत्या. धापा टाकत त्यांनी खिडकीतून एक पिशवी वर दिली.

"ज्वारी हाय. त्याच बियाची. आईला भाकरी करून घाला." मग हनुवटी वर करून म्हणाल्या, "बगा भिंग लावून. एक किडा घावायचा न्हाय."

बाईंनी पिशवीचं तोंड सोडलं, हात खोलवर घातला, मूठ बाहेर काढली. भिंग उघडलं. मी मनात म्हटलं, आज तरी नको, बाई. आज नुसतं बरं आहे म्हणा. पण त्यांनी दोन बोटांत काहीतरी धरलं, तळहातावर ठेवलं आणि खिडकीबाहेर हात काढून आम्हाला दाखवला.

"आहे. सोंड आहे."

सुंदराबाईंचा चेहरा पडेल असं मला वाटलं. त्या टाचा उंचावून तळहाताजवळ गेल्या. किडा पाय आवळून पडला होता. कंडक्टरनं घंटा दिली, इंजिन सुरू झालं. सुंदराबाईंनी पत्र्यावर जोरात थाप मारली. "आगु! आगु!" त्या ड्रायव्हरला ओरडल्या. ड्रायव्हर काही थांबला नाही. गाडी हलली. मी हात वर करून हलवू लागलो. बाईंनी हात हलवला नाही.

"हात काय हलिवताय सर," सुंदराबाई म्हणाल्या, "त्यांचा हात गुतलाय की."

गाडी फाटकातून वळली. खिडकीबाहेर तो उघडा तळहात तसाच सरळ धरलेला होता, हिंदकळू न देता, आणि त्यावर बाईंचं डोकं वाकलेलं. गाडी वळणाआड जाणार तेवढ्यात डोकं वर झालं, आणि स्टँडच्या सगळ्या गोंगाटावरून आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

"लेचिंदि!"

"उटला," सुंदराबाई म्हणाल्या, आणि मग कुठं त्यांनी डोळ्याला पदर लावला.